एकाच सागाच्या, सारख्याच वजनाच्या दोन फळ्या: एकीला झोळ दीडपट का?

कपाटवाला:

पुस्तकांच्या कपाटासाठी सागाच्या दोन फळ्या तपासल्या. दोन्ही रंधा मारून १.२ मीटर लांब, २५० मिमी रुंद, १९ मिमी जाड. वखारीतल्या एकाच लॉटमधल्या, गाठी नाहीत, दिसायलाही सारख्या. 'अ'चं वजन ३.६५ किलो, 'ब'चं ३.७०. म्हणजे घनता अंदाजे ६४० आणि ६५० किलो प्रति घनमीटर. फरक नसल्यातच जमा.

मग भार देऊन पाहिला. दोन आधार बरोबर १ मीटर अंतरावर, फळी आडवी, मधोमध आधी २ किलो ठेवून डायल गेज (बारीक झोळ मोजणारा काटा) शून्यावर आणला आणि त्यावर आणखी १० किलो ठेवले.

अ: १.३५ मिमी
ब: २.१० मिमी

ताठपणा = भार × अंतर³ ÷ (४ × रुंदी × जाडी³ × झोळ) या सूत्राने 'अ' १०.६ गिगापास्कल आणि 'ब' ६.८ गिगापास्कल येतो.

लाकूड जितकं जड तितकं ताठ, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. इथे तर जड फळीच जास्त वाकते. लाकडाच्या पेशींत नेमकं काय वेगळं असेल, आणि वजनावरून कळत नसेल तर वखारीत उभं राहून ते ओळखायचं कसं? 'ब' वापरावी की परत करावी?

---

रंधा_पटाशी:

पेशींपर्यंत जाण्याआधी दोन गोष्टी पाहा.

पहिली जाडी. सूत्रात ती घनात आहे. 'ब' मध्यभागी १८ मिमी भरली तर तेवढ्यानेच ताठपणा १५ टक्के कमी दिसेल. हातरंध्याने काढलेल्या फळीत मध्यभाग अर्धा-एक मिमी बारीक असणं नवलाचं नाही. टेप चालणार नाही, व्हर्नियर घ्या. मधोमध आणि मधल्या भागात दोन्हीकडे, दोन्ही कडांना मोजा. झोळ सगळ्यात जास्त मधल्या भागाच्या जाडीवर ठरतो, टोकांजवळच्या जाडीने हिशोब फार बिघडत नाही.

दुसरी ओल. 'अ' १० टक्क्यांवर आणि 'ब' १८ टक्क्यांवर असेल तर वजन सारखं दिसूनही 'ब'मध्ये कोरडं लाकूड पाच-साडेपाच टक्के कमी आहे, बाकीचं पाणी. वर ओल्या लाकडाचा ताठपणा कमी असतोच: कोरड्या बाजूला ढोबळ हिशोब एका टक्का ओलीमागे दीड ते दोन टक्के ताठपणा. दोन्ही मिळून २० टक्के सहज जातात. ओल मोजायचं पिनांचं मीटर असेल तर पिना रेषेच्या (लाकडाच्या तंतूंच्या) दिशेत, टोकापासून किमान ३० सेंमी आत रोवा. टोकं नेहमी जास्त वाळलेली असतात.

आधी २ किलो ठेवून मग शून्य केलं ते उत्तम. पीळ असलेली फळी आधारावर डुगडुगते आणि पहिल्या भाराला नुसती बसते, तो झोळ नसतो.

---

कपाटवाला:

मोजलं. 'अ' मध्यभागी १९.१, 'ब' १८.९. ओल दोन्हीत ११ ते १२ टक्के. म्हणजे जाडी धरूनही फार तर तीन टक्के सुटतात, बाकीचा फरक खराच आहे.

---

काष्ठकोश:

छान. म्हणजे मोजमापाच्या चुका बाजूला झाल्या आणि प्रश्न उरला तो खरोखर लाकडाचा. जरा सविस्तर लिहितो.

घनता सांगते ती एकच गोष्ट: फळीत पेशीभित्तिकेचा माल किती आणि पोकळी किती. भित्तिकेची स्वतःची घनता सगळ्या झाडांत जवळपास एकच, सुमारे १५०० किलो प्रति घनमीटर. त्यामुळे ६४० च्या सागात साधारण ४३ टक्के भित्तिका आणि बाकी पोकळी. काडेपेटीच्या काड्यांना वापरतात ती सावर ३५० च्या आसपास, म्हणजे भित्तिका पाव हिश्श्याहून कमी. तंतूंच्या दिशेने ताण दिला की या भित्तिका शेजारी शेजारी उभ्या राहून भार वाटून घेतात, म्हणून लांबीतला ताठपणा घनतेच्या सरळ प्रमाणात वाढतो. 'जड म्हणजे ताठ' हे इथून आलं, आणि वेगवेगळ्या जातींची तुलना करताना ते बऱ्यापैकी खरं ठरतं.

आडव्या दिशेने मात्र खेळ वेगळा. तिथे भित्तिका ताणली जात नाही, ती वाकते. पोकळ नळी बाजूने दाबली की तिची भिंत वाकते तसं. पातळ भिंतीला वाकणं फार सोपं. म्हणून लांबीतला ताठपणा १० गिगापास्कल असलेल्या लाकडात रुंदीच्या दिशेने तो अर्धा-एक गिगापास्कल इतकाच निघतो. हे प्रमाण, म्हणजे सुमारे दहापट ते वीसपट, लक्षात ठेवा. तुमच्या फळीचं उत्तर त्यातच आहे.

दोन्ही फळ्यांत माल सारखा आहे. मग फरक पडतो तो माल कोणत्या दिशेने लावलाय यावर. आणि दिशा दोन पातळ्यांवर चुकते.

पहिली पातळी डोळ्यांना दिसणारी: तंतू फळीच्या लांबीला समांतर आहेत की तिरके. ओंडका वाकडा असला, झाडात रेषा पिळत गेलेला असला, किंवा करवत सालीला समांतर न चालवता भेंडाला (खोडाच्या अगदी मधल्या मऊ गराला) समांतर चालवली, की सरळ फळीतही रेषा तिरका येतो. लांबीत १०.६ आणि आडवा ०.६ गिगापास्कल धरून हिशोब केला तर १० ला १ एवढ्या तिरकसपणात साधारण १४ टक्के ताठपणा जातो, १५ अंशांना निम्म्याहून जास्त. तुमची 'ब' 'अ'च्या ६४ टक्के आहे. एकट्या तिरक्या रेषेने एवढी घट व्हायला साडेदहा अंश, म्हणजे सुमारे साडेपाचला १, तिरकसपणा लागेल. एवढा तिरका रेषा लक्ष देऊन पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. तो मोजा आणि इथे सांगा.

दुसरी पातळी डोळ्यांना दिसत नाही. एका तंतूची भित्तिका थरांची असते. बाहेर पातळ प्राथमिक भित्तिका, आत दुय्यम भित्तिकेचे तीन थर. त्यातला मधला थर, ज्याला एस-२ म्हणतात, एकटाच भित्तिकेच्या जाडीच्या सुमारे ८० टक्के. फळीचा ताठपणा म्हणजे जवळजवळ या एका थराचा ताठपणा. त्यात सेल्युलोजचे अतिबारीक धागे, मायक्रोफायब्रिल, तंतूभोवती मळसूत्री गुंडाळलेले असतात आणि मधली जागा हेमिसेल्युलोज आणि लिग्निनने भरलेली. सेल्युलोजच्या स्फटिकाचा त्याच्या लांबीतला ताठपणा १३० गिगापास्कलच्या घरात, भरावाचा फार तर पाच-सहा. म्हणून धागे तंतूच्या अक्षाशी किती कोन करतात यावर सगळं अवलंबून. शिंप्याला हे लगेच कळेल: कापड उभ्या धाग्यात ओढलं तर ताणत नाही, तेच उरेब, म्हणजे तिरकं, कापलं की तितक्याच कापडाला भरपूर ताण. वजनात दोन्ही तुकडे सारखेच.

प्रौढ लाकडात हा कोन बहुधा ५ ते २० अंशांत असतो. भेंडाजवळच्या, म्हणजे झाड लहान असताना तयार झालेल्या लाकडात तो बराच जास्त, पाइनसारख्या झाडांत ४० अंशांपर्यंत. रोपट्याला वाऱ्यात मोडण्यापेक्षा वाकणं परवडतं. खोड जाड झालं की त्याला वजन पेलायचं असतं आणि नवे थर ताठ होत जातात. न्यूझीलंडमध्ये लागवड होणाऱ्या रेडिएटा पाइनमध्ये कोन ४० वरून १० वर आला की भित्तिकेचा ताठपणा चार-पाच पटींनी वाढतो. घनता तेवढ्यात फार तर दुप्पट होते.

सागात भेंडाजवळचं आणि बाहेरचं लाकूड यांत पाइनइतका फरक नसतो, हे मुद्दाम सांगतो. तरुण साग सरसकट कुचकामी ठरवणं बरोबर नाही. पण फरक असतो.

आणखी एक, सागापुरतं. त्याच्या गाभ्यात तेलकट द्रव्यं आणि थोडी सिलिका असते. पटाशीची धार ज्याने जाते तीच ही सिलिका. या सगळ्याचं वजन तराजूत भरतं, पण भार उचलायला त्याचा उपयोग नाही. म्हणजे ६५० मधले सगळे किलो कामाचे असतात असंही नाही. शिवाय सागासारख्या पानझडी झाडाच्या लाकडात वाहिन्या (पाणी नेणाऱ्या नळ्या), तंतू, किरण (भेंडाकडून सालीकडे जाणारे पेशींचे पट्टे) आणि मऊ पेशी असा संसार असतो, भार घेतात ते मुख्यतः तंतू. पाइन-देवदारात नव्वद टक्क्यांहून जास्त भाग एकाच प्रकारच्या लांब पेशींचा असतो, म्हणून स्प्रूससारखं ४५० चं लाकूडही ६५० च्या सागाइतकं ताठ निघतं. 'जड म्हणजे ताठ' म्हणणाऱ्यांना हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

शेवटी अपेक्षेचा मुद्दा. एकाच जातीच्या, निर्दोष, सरळ रेषेच्या नमुन्यांत घनतेचं विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा फरक, साधारण १० टक्के धरतात, ताठपणाचं २२ टक्के. तुमच्या दोन फळ्या म्हणजे चमत्कार नाही. एक सरासरीच्या जरा वर, एक बरीच खाली.

---

रंधा_पटाशी:

काष्ठकोश, उरेब पटलं. रेषा कसा मोजायचा ते सांगतो, कारण बहुतेक लोक चुकीच्या ठिकाणी पाहतात.

फळीच्या रुंद तोंडावर जे डोंगरासारखे, ज्वाळेसारखे आकार दिसतात तो रेषेचा तिरकसपणा नव्हे. ती वाढीची वर्तुळं कापली गेल्याची नक्षी. रेषा पाहायचा तो सागात वाहिन्यांवरून: तोंडावर आणि कडेवर बारीक, लांबट, गडद चिरा दिसतात, अर्धा-एक सेंमी लांबीच्या. त्या ज्या दिशेने धावतात तो रेषा. नीट दिसत नसेल तर ग्रामोफोनच्या सुईसारखी टोकदार सुई वाकवलेल्या तारेत बसवून हलक्या हाताने ओढा. सुई रेषा पकडून आपोआप तिकडे वळते. सैल हाताने ओढायची, दाबली तर तुम्हाला हवी तिथे जाते. किंवा पातळ केलेल्या शाईचा थेंब टाका, तो वाहिनीतून लांब पळतो.

तोंडावर आणि कडेवर दोन्हीकडे मोजायचं. खरा तिरकसपणा दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं मूळ. झोळाच्या बाबतीत कड अधिक फसवते, कारण तोंडावरचा रेषा सगळे पाहतात, कड कोणी पाहत नाही.

मग टोक पाहा. वर्तुळांची कमान किती घट्ट आहे? ५ सेंमीच्या आतल्या त्रिज्येची वर्तुळं दिसली तर तो भाग भेंडाजवळचा. फळीतच भेंड असेल तर ती फळी पुढे मधून चिरणार, लिहून ठेवा.

---

गाभेवाला:

थोडा विरोध. आमच्याकडे जुने सुतार गाभ्याचंच लाकूड मागतात, सालीलगतचा पांढरा भाग काढून टाकायला लावतात. तुम्ही म्हणता आतलं लाकूड कमी ताठ. मग सगळे सुतार चुकले? आणि घाना, इक्वेडोरच्या लागवडीच्या सागापेक्षा आपला बल्लारशाचा सीपी (जुन्या मध्य प्रांतातला) साग भारी हे तर कोणीही सांगेल.

---

काष्ठकोश:

सुतार चुकले नाहीत, ते दुसऱ्या कारणासाठी बरोबर आहेत. पांढरा भाग काढतात कारण त्याला वाळवी आणि भुंगेरा लागतो. गाभ्यातल्या द्रव्यांमुळे गाभा टिकतो. ताठपणात दोन्हींत तसा फरक नाही. पांढऱ्या पेशींचा गाभा होताना भित्तिकेची रचना बदलत नाही, तिच्यात फक्त द्रव्यं साठतात. आणि 'गाभा' म्हणजे मधली पेन्सिलीएवढी भेंड आणि तिच्या लगतची काही वर्षांची वाढ नव्हे. जुन्या, जाड झाडाच्या गाभ्यात बाहेरचं प्रौढ लाकूड भरपूर असतं. पंधरा-वीस वर्षांत तोडलेल्या झाडात गाभा असतो, पण तो बहुतेक सगळा भेंडाजवळचाच.

बल्लारशाह, आलापल्लीचा जुना साग चांगला मानतात त्यामागे हेच मोठं कारण आहे: जुनं झाड, मोठा घेर, सरळ खोड. सगळं श्रेय मातीला देऊ नका. लागवडीच्या सागातही बाहेरच्या थरातली सरळ रेषेची फळी मिळाली तर ती याच मापाने तपासा, देश विचारू नका.

---

बैलगाडी:

वजन आणि ताठपणा यांचं सरळ नातं तुटण्याचं एक नेहमीचं उदाहरण राहिलं: आळीपाळीने उलट पिळणारा रेषा. बिबळा, शिसव यांत एका थरात रेषा डावीकडे, पुढच्यात उजवीकडे. अशा लाकडाला वजनाच्या मानाने ताठपणा कमी मिळतो, कारण सरासरीने दिशा चुकलेलीच असते. रंधा दोन्हीकडून उपटतो तोही त्याचमुळे. पण ते सहज फाटत नाही. गाडीच्या चाकाच्या तुंब्याला (मधल्या ठोकळ्याला) आऱ्यांची भोकं चारी बाजूंनी पाडतात, तिथे फळीचा ताठपणा चुलीत घाला, न फाटणं महत्त्वाचं. तुंब्याला बाभूळ वापरतात तीही चिवट म्हणून.

---

मिरजकर_तंतू:

वाद्यांच्या कामात झोळ मोजत बसत नाहीत, वाजवून पाहतात. मोबाइलने आकडाही काढता येतो.

फळी मधोमध स्पंजच्या तुकड्यावर ठेवा, किंवा मध्यावर दोन बोटांनी धरा. एका टोकाच्या छेदावर, लांबीच्या दिशेने, छोट्या हातोडीने टकटक करा. दुसऱ्या टोकाशी मोबाइल ठेवून आवाजाचा वर्णपट दाखवणारं कुठलंही अ‍ॅप चालू करा. सगळ्यात ठळक वारंवारता घ्या. ध्वनीचा वेग = २ × लांबी × वारंवारता. ताठपणा = घनता × वेग². या पद्धतीत जाडी घनात येत नाही, ती येते फक्त घनता काढताना, म्हणून चूक कमी.

तुमच्या १.२ मीटरच्या 'अ'ला १७५० हर्ट्झच्या आसपास मिळायला हवेत: वेग ४२०० मीटर प्रति सेकंद, ताठपणा ११.३. 'ब'ला १३९० च्या आसपास, ताठपणा ७.२. ठोकून आलेला आकडा भार देऊन आलेल्यापेक्षा पाच-दहा टक्के वरच असतो, कारण आवाजाच्या वेगात लाकडाला सरकायला वेळ मिळत नाही. तुलनेला काही बिघडत नाही. आणि या दोन वारंवारता म्हणजे एक फळी सा आणि दुसरी शुद्ध ग. वखारीत सारख्या लांबीच्या फळ्या ओळीने ठोकत गेलात तर अ‍ॅपशिवायही कळतं. लांबी वेगळी असेल तर मात्र कान फसतो.

हातोडी फळीच्या तोंडावर मारू नका, तो वाकण्याचा सूर, त्याचं सूत्र वेगळं आणि त्यात जाडी येते.

तंबोऱ्याच्या तबलीसाठी (भोपळ्यावरच्या पातळ फळीसाठी) आमच्याकडे तून घेतात, सागापेक्षा हलकं. तिथे नुसता ताठपणा नाही, वजनाच्या मानाने ताठपणा बघायचा असतो. तो विषय वेगळा.

---

स्थापत्य_सल्ला:

आता कपाटाचं बोलू. आपल्याकडचं आयएस ८८३ हे मानक इमारती लाकडाचे ताठपणावरून तीन गट करतं: १२.६ गिगापास्कलच्या वर गट ए, ९.८ ते १२.६ गट बी, ५.६ ते ९.८ गट सी. साग मधल्या गटातला. तुमची दुसरी फळी एकटीपुरती खालच्या गटात जाते, वापरण्याच्या लायकीबाहेर नाही.

पुस्तकांचा भार एका ओळीला मीटरमागे ३० किलो धरा. ९० सेंमीचा खण, २५० × १९ ची फळी, दोन्हीकडे नुसत्या खुंट्यांवर टेकलेली:

१०.६ ची फळी: १.७ मिमी
६.८ ची फळी: २.६ मिमी

हा पहिल्या दिवसाचा झोळ. पुस्तकं कायमची असतात, आणि कायमच्या भाराखाली लाकूड हळूहळू सरकतं. वाळलेल्या लाकडात अंतिम झोळ दुप्पट धरावा, ओलं लाकूड लावून भाराखाली वाळू दिलं तर तिप्पट. कोकण-मुंबईत पावसाळ्यात लाकडाची ओल १७-१८ टक्क्यांवर जाते आणि उन्हाळ्यात उतरते. या चढउतारात झोळ आणखी वाढतो, नुसत्या कायम दमट खोलीपेक्षा जास्त. ओल शिरता-निघताना भित्तिकेतले हायड्रोजन बंध सुटतात आणि सरकलेल्या जागी पुन्हा जुळतात. म्हणून 'ब'चा पाच मिमी धरून चाला. मानकाची मर्यादा लांबीच्या २४० व्या हिश्श्याची, ९० सेंमीला पावणेचार मिमी. 'अ' बसते, 'ब' बसत नाही.

उपाय सोपे आहेत, कारण लाकडाच्या गुणापेक्षा भूमितीचे घात मोठे.

खण लहान करा. झोळ लांबीच्या चौथ्या घातात जातो. ६० सेंमीच्या खणात 'ब'चा झोळ अर्धा मिमी. दुप्पट होऊनही एकच.

जाडी वाढवा. २५ मिमीला झोळ १९ च्या ४४ टक्के.

पुढच्या कडेखाली उभी पट्टी चिकटवा. २० मिमी रुंद, ४० मिमी खोल पट्टी फळीखाली पूर्ण लांबीत सरस लावून बसवली तर एकत्रित छेदाचा ताठपणा नुसत्या फळीच्या जवळपास सहापट होतो. खिळ्यांनी ठोकलेली पट्टी हे काम करत नाही, सांध्यात सरकली की फळी वेगळी, पट्टी वेगळी. आणि पट्टी पुढे असेल तर मागची कड मोकळी राहते, तिला कपाटाच्या पाठीवर आडवी पट्टी मारून आधार द्या. ही पट्टी 'अ'सारख्या ताठ लाकडातून काढली तर आणखी बरं, कारण सगळा ताण तिच्या खालच्या कडेला येतो.

मध्ये उभा आधार देणार असाल तर फळी त्यावर कापू नका, सलग न्या. दोन खणांवरून सलग गेलेल्या फळीचा झोळ त्याच खणातल्या सुट्या फळीच्या सुमारे ४० टक्के.

ताठपणा आणि मजबुती एकच समजू नका. 'ब' ३६ टक्के कमी ताठ आहे म्हणून ती पुस्तकांखाली मोडेल असं नाही. इथले ताण सागाच्या ताकदीच्या पासंगालाही पुरत नाहीत. तिरका रेषा मजबुतीला मात्र त्रास देतो: मानकात १५ ला १ पर्यंत काही कपात नाही, १० ला १ ला तुळईची परवानगी २० टक्क्यांनी उतरते. कपाटात हे गौण, माळ्याच्या वाशांत नाही.

---

कपाटवाला:

सुईने मोजलं. 'ब'च्या तोंडावर २० ला १, कडेवर १५ ला १. वर्गमूळ काढून १२ ला १. टोकाकडून पाहिलं तर एका कडेच्या बाजूला वर्तुळांची कमान घट्ट, त्रिज्या ४ सेंमीच्या आसपास, दुसऱ्या कडेकडे सपाट होत जाते. 'अ'ची वर्तुळं जवळपास सरळ रेषा. ठोकून 'अ' १७४०, 'ब' १४००.

एक शंका. वर्तुळं फळीच्या तोंडाला काटकोनात उभी असतील अशी फळी घेतली तर झोळ कमी येईल का? वखारवाला त्याचे जास्त पैसे मागतो.

---

काष्ठकोश:

१२ ला १ म्हणजे पावणेपाच अंश. त्याने १० टक्के ताठपणा जातो. राहिलेला मोठा वाटा तंतूच्या आतला, आणि घट्ट कमान त्याच बाजूला बोट दाखवते. तिथे कोन जास्त, तंतू आखूड. एका कडेकडे तो भाग आहे म्हणजे फळीच्या रुंदीतही ताठपणा सारखा नसणार.

उभ्या वर्तुळांच्या फळीबद्दल: झोळासाठी पैसे घालवू नका. लांबीतला ताठपणा दोन्ही तऱ्हांच्या कापात तोच. फरक रुंदीत पडतो. साग पूर्ण ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत वर्तुळांच्या दिशेने ५.८ टक्के आकसतो, भेंडाकडून सालीकडे २.५. ओल १२ वरून १८ वर गेली तर २५० मिमीची फळी आडव्या कापात (वर्तुळं तोंडाला समांतर) सुमारे २.९ मिमी फुगेल, उभ्या कापात १.२. पन्हळ पडणंही उभ्या कापात कमी. दारांच्या दिल्ह्यांना (चौकटीत बसवलेल्या फळ्यांना), टेबलाच्या तोंडाला ते पैसे वसूल होतात. खुंट्यांवरच्या पुस्तकांच्या फळीला नाही.

---

रंधा_पटाशी:

'ब' परत करायची गरज नाही. कपाटाच्या उभ्या बाजूंना वापरा, तिथे झोळाचा प्रश्नच नाही. किंवा ६० सेंमीचे दोन तुकडे करून लहान खणांत घाला.

फळी म्हणूनच वापरायची तर घट्ट कमानीच्या बाजूची ५०-६० मिमीची पट्टी आधी चिरून काढा आणि तिथे दुसऱ्या फळीची पट्टी जोडा. भेंडाजवळचं लाकूड वाळताना लांबीतही आकसतं. चांगलं लाकूड लांबीत ०.१ ते ०.२ टक्के आकसतं, हे त्याच्या कितीतरी पट जाऊ शकतं. एकाच फळीत एक कड जास्त आखडली की फळी तलवारीसारखी कडेने वाकते. चिरताना पट्टी करवतीच्या पात्यावर मिटली किंवा फाकली तर आतला ताण तेव्हाच दिसेल, पाचर हाताशी ठेवा. करवतीमागे लोकरीसारखे तंतू उभे राहिले तर ते कललेल्या झाडाचं ओढीचं लाकूड. त्याचे धागे जवळजवळ सरळ असतात म्हणून ताठ वाटतं, पण लांबीत आखडण्यात तेही कमी नाही. तसा तुकडा फळीत ठेवू नका.

चिरल्यावर लगेच रंधा मारू नका. मध्ये सारख्या जाडीच्या काड्या घालून, ज्या खोलीत कपाट राहणार तिथेच दहा-पंधरा दिवस थप्पी लावून ठेवा. मग काय बाक यायचा तो येईल. त्यानंतर कडा सरळ करून जोडा, आणि लावताना थोडा बाक उरलाच असेल तर फुगीर बाजू वर ठेवा.